ठमाबाईसाठी इर्जिक

जमिनीपासून जितकं उंच जावं तितकी हवा थंड होत जाते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर एकदा डोंगरावर जाऊन या, स्वेटर न घेता. मग मला सांगा, फेब्रुवारीतल्या सकाळी, नऊशे मीटर उंचीवर, तापमान साडेअडतीस अंश कसं असेल?

हे कोडं मी रचलेलं नाही. सन २०६१ मधल्या एका रविवारी, सकाळी दहा वाजता, ते पद्माआत्याच्या पडद्यावर आपोआप उमटलं. पद्माआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिने हवामानशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आहे, आणि शहरातली नोकरी सोडून ती आमच्या बोरजाईवाडीत डोंगरातले वारे मोजत बसते. आमच्या घराची मागची खोली म्हणजे तिची प्रयोगशाळा. कोडं पाहून ती नखं खायला लागली, तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

तिच्याकडे एक मोठा फुगा आहे. काळ्या कापडाचा. सकाळी ऊन लागलं की कापड तापतं, आतली हवा तापते, गरम हवा हलकी असते, म्हणून फुगा वर जातो. संध्याकाळी ऊन गेलं की तो निवतो आणि गपचूप खाली येतो. ना गॅस, ना इंजिन. फुग्याखाली बांबूची टोपली असते आणि टोपलीत मोजमाप करणाऱ्या पाच पांढऱ्या गोल डब्या. एक तापमान सांगते, एक दमटपणा, एक फुगा कुठे आहे ते, असं. उंची मोजणारी पट्टी तेवढी टोपलीबाहेर लोंबते.

"केतकी, हे बघ," आत्या म्हणाली. "तापमान साडेअडतीस. दमटपणा नेहमीच्या दुप्पट. आणि फुग्याचा ठावठिकाणा तर येतच नाहीये. डब्या बिघडल्या वाटतं."

"पाचही? एकदम?" मी विचारलं.

"तेच तर."

मी पडद्याकडे बघत राहिले. तापमानाची रेघ अगदी सरळ चालली होती. मधेच ती जराशी खाली गेली आणि लगेच वर आली. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. जणू कुणीतरी डब्या हळूच उलटून ठेवत होतं.

गोल पांढऱ्या वस्तू अंगाखाली घेऊन बसणारं आणि त्या मधून मधून उलटणारं एक पात्र मला माहीत होतं. मी धावत ओसरीवर गेले. तिथे टोपली होती. टोपलीत नऊ अंडी होती. अंड्यांवर कोणीही नव्हतं.

ठमाबाई ही माझी कोंबडी. ती खुडूक झाली होती, म्हणजे अंडी उबवायला बसली होती. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा दाणे खायला उठते आणि परत येऊन बसते. कशावरही बसते. गोल आणि पांढरं असलं की झालं, दगडसुद्धा चालतो. आणि आमच्या गावचे बुरूड गेनूमामा सगळ्या टोपल्या एकसारख्या विणतात. ठमाबाई दाणे खाऊन आली आणि शेजारी ठेवलेल्या फुग्याच्या टोपलीतल्या गोणपाटाखाली शिरली. फुगा सोडण्याआधी त्या गोणपाटावरून जाळी कुणी घट्ट बांधली? मी. टोपली जरा जड लागली होती, पण मला वाटलं आत्याने नवी बॅटरी घातली असेल.

"आत्या," मी म्हणाले, "डब्या बिघडल्या नाहीत. ठमाबाई त्यांच्यावर बसली आहे."

आत्याने पडद्याकडे पाहिलं. "म्हणजे हे हवेचं तापमान नाही. हे कोंबडीचं पोट आहे!" शास्त्रज्ञ माणसाला कोडं सुटल्याचा आनंद आधी होतो. बाकीचं नंतर सुचतं. मला मात्र रडू आलं. कारण फुगा संध्याकाळी कुठेतरी उतरणार होता. तिथे कोल्ही असतील. नाहीतर नेरवडीचा मोठा तलाव असेल, आणि जाळीत बांधलेली कोंबडी तलावात उतरली तर संपलंच.

"शोधू की आपण," आत्या म्हणाली. पण शोधणार कसं? ठावठिकाणा सांगणारी डबी ठमाबाईच्या पोटाखाली, तिला आकाशातले उपग्रह दिसेनात. फुग्याचे संदेश डोंगरांवर आपटून येत, त्यामुळे दिशा कळेना. गावाचा ड्रोन एकच, तोही फवारणीचा, वीस मिनिटांत दमणारा. त्याला नेमकी जागा सांगावी लागते.

"जागा वाऱ्यावरून काढता येते," आत्या म्हणाली. "पण आपल्याकडे वर एक वारा, खाली दुसरा. फुगा थोडा वर गेला की पुढे जातो, थोडा खाली आला की मागे येतो. वारा कुठे जोर धरेल, कुठे वळेल, याचे बाराशे वेगवेगळे अंदाज धरून बाराशे वेळा हिशेब करायचा. ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त अंदाज फुग्याला उतरवतील, तिथे आपण जाऊन उभं राहायचं."

"मग कर ना!"

"माझ्या वर्कस्टेशनला (एका माणसाच्या कामासाठी टेबलावर ठेवलेला दणकट संगणक) एका अंदाजाला सहा मिनिटं लागतात. बाराशे गुणिले सहा?"

मी मनात गुणाकार केला आणि केला नसता तर बरं झालं असतं. सात हजार दोनशे मिनिटं. एकशे वीस तास. पाच दिवस! आणि सूर्य मावळायचा होता संध्याकाळी साडेसहाला.

आत्याने शहरातल्या एका मोठ्या संगणक केंद्राला विनंती पाठवली. उत्तर लगेच आलं. "आपला क्रमांक ४१३. कृपया कामाचा प्रकार निवडा." यादीत वादळ होतं, भूकंप होता, कोंबडी नव्हती.

एवढ्यात माझे आजोबा, म्हणजे तात्या, काठी टेकत आत आले. तात्यांचं वय पंच्याऐंशी. त्यांना संगणकातलं काही कळत नाही, आणि हे ते अभिमानाने सांगतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी रान मोठं हाय आन बैलजोडी एकच," ते म्हणाले. "मग इर्जिक घाला की."

"इर्जिक म्हणजे?" मी विचारलं.

"आरं देवा! पोरीला इर्जिक ठावं न्हाय." तात्या पाटावर बसले. "आमच्या तरण्यापणी एखाद्याची नांगरट मागं पडायची. मग त्यो गावाला सांगायचा, उद्या माज्याकडं इर्जिक हाय. दुसऱ्या दिशी पंचवीस-तीस जण आपापला नांगर, आपापली बैलं घिऊन रानात हजर. ज्याला त्याला येक येक पट्टा वाटून द्यायचा. ज्याचा पट्टा आदी उरकंल त्यो काय बांधावर बसून तंबाखू मळायचा न्हाय. शेजारच्याकडं जाऊन म्हनायचा, दे रं तुज्यातला तुकडा. दुपारपतोर रान मोकळं. मग धन्यानं समद्यांस्नी जेवान द्यायचं. उद्या दुसऱ्याची इर्जिक, तवा आपली बैलं त्याच्या रानात."

आत्या उठून उभी राहिली. "तात्या, तुम्ही ग्रेट आहात!"

"ते मला ठावं हाय. म्होरं बोल."

आत्या मला समजावून सांगू लागली. बाराशे अंदाज म्हणजे बाराशे पट्टे. एका पट्ट्याचं दुसऱ्यावाचून काही अडत नाही. पाचवा अंदाज करायला चौथ्याचं उत्तर लागत नाही. म्हणून ते वेगवेगळ्या संगणकांवर एकाच वेळी करता येतील. गावात संगणक कितीतरी, आणि ते दिवसातला बराच वेळ नुसते डोळे मिचकावत बसलेले असतात. सगळे गावच्या नेटवर्कवर (संगणकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून जोडलेलं जाळं) आहेतच.

"अनेक वेगळे संगणक मिळून एकच काम करतात, त्या व्यवस्थेला वितरित प्रणाली म्हणतात," आत्या म्हणाली. "आणि कामाचा बोजा सगळ्यांत वाटून देणं म्हणजे भारवाटप. मी वाटून देणारा प्रोग्राम लिहिते. त्याचं नाव मुकादम. तू गावाला आमंत्रण दे. चाळीस संगणक मिळाले तर तीन तासांत काम होईल."

निघताना तात्यांनी हाक मारली. "केतके, अंडी निवतील ती! एकोणिसावा दिस हाय, आतली पिल्लं आता जीव धरून हायती."

अंड्यांना ऊब हवी, सुमारे अडतीस अंश. आत्याचा संगणक कामाला लागला होता आणि त्याच्या मागच्या जाळीतून गरम हवा येत होती. संगणक काम करतो तेव्हा त्याला लागलेली वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मी जाळीपाशी तापमापक धरला. अडतीस! टोपलीत कापूस घातला, अंडी ठेवली, टोपली संगणकाच्या पाठीला टेकवली आणि सायकल काढली.

शाळेचे वीस संगणक लगेच मिळाले, रविवारच होता. शिवणकाम करणाऱ्या मालनकाकूंनी भरतकामाच्या यंत्राचा संगणक दिला. "नथीची नक्षी अर्धी राहिलीय, पण ठमाबाई आधी," त्या म्हणाल्या. ग्रामपंचायतीत क्लार्क भाऊसाहेब भेटले. रविवारी घरी बसलं की कामं सांगतात म्हणून ते कार्यालयात येऊन संगणकावर पत्ते खेळतात.

"माझा डाव अर्धा आहे," ते म्हणाले.

"तुम्ही खेळत नसाल तेव्हाच आम्ही वापरू," मी म्हणाले. "मालक आला की पाहुण्याने उठायचं, असा नियम आहे."

सगळ्यात दणकट संगणक होता दूध डेअरीत. डेअरीचे सेक्रेटरी हिंदुराव मिशीवर हात ठेवून बसले होते. "आन माज्या दुधाच्या नोंदीचं काय?"

"दूध संध्याकाळी येतं. तोवर संगणक मोकळाच आहे."

"बरं. पर इर्जिक म्हनलं की जेवान आलं. काय करनार? कोंबडीचा रस्सा?"

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते स्वतःच म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. गोडाचं करा."

साडेअकराला शाळेचे संगणक सुरू झाले. बारा वाजेपर्यंत बाकीचे जोडले गेले. एकूण एक्केचाळीस. घरी येऊन पाहते तर पडद्यावर शंभर अंदाज पुरे झालेले. मी नाचले. पण बाराच्या पुढे तो आकडा चिकटल्यासारखा एकाच जागी बसला. साडेबाराला एकशे दोन. एकला एकशे तीन.

"मुकादम झोपला काय?" तात्यांनी विचारलं.

मी अंड्यांना हात लावला आणि दचकले. टोपली गार पडत चालली होती. आत्याचा संगणकच थंड झाला होता, त्याच्याकडे करायला कामच नव्हतं. "सगळं काम डेअरीकडे गेलंय," आत्या पुटपुटली. मी टोपली सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि डेअरी गाठली. तिथला संगणक असा तापला होता की पंख्याचा आवाज रस्त्यावर येत होता. हिंदुराव त्याला वर्तमानपत्राने वारा घालत होते.

"पोरी, ह्याला ताप आलाय!"

मी टोपली जरा लांब ठेवली, तापमापक अडतीसवर आणला आणि कुठे श्वास घेतला तोच पंखा थांबला. संगणक गार. फोन केला तर आत्या म्हणाली, काम मालनकाकूंकडे गेलं. मी अंडी घेऊन मालनकाकूंकडे. तिथे पाच मिनिटं बरी गेली, मग तोही गार. काम ग्रामपंचायतीकडे. मी ग्रामपंचायतीकडे. दुपारच्या उन्हात मी नऊ अंडी घेऊन गावाला तीन फेऱ्या घातल्या. लोक दारात येऊन बघू लागले. कुणीतरी विचारलंसुद्धा, "अंडी कशी दिली?"

पावणेदोनला मी घरी आले ती रडतच. पूर्ण झालेले अंदाज होते एकशे चार.

आत्याचा चेहरा पडला होता. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "कोण रिकामं आहे याचा मी एक फलक ठेवला. नियम असा केला की ज्याच्याकडे काम साठलंय त्याने फलक बघायचा आणि रिकामा दिसेल त्याच्याकडे आपलं काम पाठवायचं. पण फलक दर पाच मिनिटांनी बदलतो. बारा वाजता फलकावर आलं, डेअरी रिकामी. शाळेच्या वीसही संगणकांनी ते वाचलं आणि विसांनी एकदमच आपला ढिगारा डेअरीवर टाकला. पाच मिनिटांनी डेअरीने फलक बघितला, तो ढिगारा मालनकाकूंवर. काम नुसतं प्रवास करतंय. करायला कुणाला वेळच नाही."

म्हणजे लग्नाच्या पंगतीत एक पान रिकामं दिसावं आणि सगळ्या वाढप्यांनी एकदम त्याच पानावर भात ओतावा, तशी गत झाली होती.

मी अंड्यांची टोपली पोटाशी धरून बसले होते. डोक्यात तात्यांची इर्जिक फिरत होती. तीस बैलजोड्या, एक रान. तिथे अशी धांदल का नव्हती होत?

"तात्या," मी विचारलं, "इर्जिकीत कुणी आपला पट्टा दुसऱ्याच्या अंगावर टाकायचं का?"

"टाकंल कसा? त्याचं डोस्कं नांगरटीत. दुसरं कोन मोकळं झालंय ते बगाय त्याला सवड कुटं?"

"मग काम कसं हलायचं?"

"सांगितलं की सकाळी. ज्याचं उरकलं त्यो जायाचा मागाय."

"आत्या!" मी उभीच राहिले. "ढकलायचं नाही. मागायचं! जो रिकामा झालाय त्यानेच जाऊन मागायचं!"

आत्याने मला उचलून गरकन फिरवलं, अंड्यांसकट. तात्या ओरडले म्हणून बरं.

"बरोबर आहे तुझं," ती लिहिता लिहिता बोलत होती. "फलकावरची बातमी शिळी असते. पण मी आत्ता रिकामा आहे, हे रिकाम्या संगणकाला स्वतःला अचूक ठाऊक असतं. ते कुणाला विचारावं लागत नाही. आणि विचारायला वेळ कुणाकडे असतो? त्याच्याचकडे. कामात बुडालेल्याला त्रास द्यायचाच नाही."

"पण तो मागेल कुणाकडे? एक्केचाळीस जणांकडे फिरत बसला तर?"

"शाबास! सगळ्यांना नाही विचारायचं. कोणतेही दोनच शेजारी निवडायचे. दोघांत ज्याच्याकडे जास्त काम साठलंय त्याच्याकडून एक पट्टा घ्यायचा. बस. दोघांना विचारण्यानेही बोजा चांगला वाटला जातो."

दोन वाजता नवा मुकादम सुरू झाला. मी मालनकाकूंच्या दुकानात अंडी ठेवली आणि तापमापकाकडे डोळे लावून बसले. अडतीस. दहा मिनिटांनी अडतीस. अर्ध्या तासाने अडतीस. माझा विश्वास बसेना, म्हणून अंडी काकूंवर सोपवून मी सायकलवरून गावात फिरले आणि प्रत्येक संगणकाच्या पाठीला हात लावला. शाळा कोमट. ग्रामपंचायत कोमट. डेअरी कोमट. कुणी तापलेला नाही, कुणी गारठलेला नाही. बोजा सारखा वाटला गेलाय हे मला पडद्यावर बघायची गरजच उरली नाही, तळहाताला कळत होतं. फोनवर आत्या आकडे सांगत होती. तीनशे. चारशे. साडेपाचशे.

तीन वाजता भाऊसाहेब जेवून परतले आणि पत्त्यांसमोर बसले. त्यांच्या संगणकावरचा आमचा पाहुणा ताबडतोब उठला. पण जाताना तो अर्धवट हिशेबाचं गाठोडं बांधून घेऊन गेला. त्याला टप्पानोंद (काम कुठवर आलं याची जपून ठेवलेली नोंद) म्हणतात. दुसऱ्या संगणकावर त्याने गाठोडं सोडलं आणि जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू केलं, पुन्हा पहिल्यापासून नाही. भाऊसाहेबांना काही कळलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "तुमचं काम सुरू कधी होणार?"

चार वाजता मात्र हिंदुरावांनी घोटाळा केला. दूध यायची वेळ झाली होती. पाहुणा आपणहून उठेल यावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी सरळ वायर उपटली. ना गाठोडं, ना निरोप. डेअरीकडचे चार पट्टे गडप!

"गेले का ते?" मी घाबरून आत्याला विचारलं.

"नाही. मुकादमाने कुणाला कोणता पट्टा दिला ते लिहून ठेवलंय. दर मिनिटाला तो प्रत्येकाला हाक मारतो. डेअरीने तीन हाकांना ओ दिली नाही, म्हणून त्याने तेच चार पट्टे दुसऱ्या चौघांना दिले."

"येक बैल बसला म्हनून नांगरट थांबत न्हाय," मागून तात्यांचा आवाज आला. एव्हाना त्यांना संगणकातलं बरंच कळू लागलं होतं. फक्त ते कबूल करत नव्हते.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना बाराशेवा अंदाज पुरा झाला. पडद्यावर डोंगराचा नकाशा आणि त्यावर बाराशे ठिपके. थोडे इकडे, थोडे तिकडे. पण नऊशेच्या वर ठिपके एकाच ठिकाणी दाटले होते. नेरवडीच्या तलावाचा पूर्वेचा काठ. त्यातले जवळजवळ निम्मे पाण्यात होते.

आत्याने गाडी काढली. तात्यांनी शेळ्यांना शेंगा पाडायची लांब आकडी घेतली. ती गाडीच्या खिडकीतून हातभर पुढे आणि दोन हात मागे बाहेर राहिली. मालनकाकूंना फोन करून मी अंडी बघायला सांगितलं आणि डोंगरातल्या खडबडीत रस्त्याचे बावीस किलोमीटर देवाचं नाव घेत बसले.

तलावावर पोचलो तेव्हा सव्वासहा वाजले होते. आकाश रिकामं. बाराशे वेळा केलेला हिशेब चुकला की काय? मग तात्यांनी डोळ्यांवर हात धरला. "त्ये बग!"

टेकडीमागून काळा फुगा येत होता. सुरकुतलेला, दमलेला, खाली खाली. तो काठावर आला, काठ ओलांडून पाण्यावर गेला. मी किंचाळले. तेवढ्यात वारा वळला आणि फुगा मागे सरकून काठावरच्या बाभळीत अडकला. टोपली पाण्यावर चार हात लोंबत राहिली. काट्यांनी कापड टरटरा फाटायला लागलं. तात्या चपला काढून गुडघाभर पाण्यात उतरले, आकडी वर केली, टोपलीच्या कडीत अडकवली आणि फांदीवरून शेंग ओढावी तशी हळूच आपल्याकडे ओढली. मी आणि आत्याने ती झेलली.

जाळी सोडली. गोणपाट उचललं. आत ठमाबाई डब्यांवर पसरून बसली होती. तिने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. मी तिला उचलायला हात घातला तर तिने कचकन चोच मारली. नऊ तास आकाशात फिरून आल्याचा तिला पत्ताच नव्हता. तिला एवढंच कळत होतं की ही भवानी आपली अंडी पळवते आहे. मी तिला पोटाशी धरून रडले आणि तिने मला आणखी दोनदा टोचलं.

रात्री पुरणपोळीची पंगत झाली. एक्केचाळीस संगणकांचे मालक, त्यांची घरची मंडळी, सगळे आले. हिंदुराव पाच पोळ्या खाऊन म्हणाले, "वायर उपटली ते चुकलंच माजं." आणि सहावी घेतली.

मंगळवारी नऊपैकी आठ अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. नववं मालनकाकूंच्या दुकानात राहिलं होतं. घाईत मोजताना चुकलं म्हणे. तेही फुटलं, तिथेच, संगणकाच्या पाठीशी. ते पिल्लू अजून भरतकामाच्या यंत्रालाच आई समजतं.

पुढच्या महिन्यात नेरवडीच्या शाळेतून फोन आला. त्यांच्या डोंगरात वणवा लागला होता, आग कुठल्या वाडीकडे वळेल याचे दोन हजार अंदाज करायचे होते. "तुमच्याकडे इर्जिकीला माणसं मिळतील का?" त्यांच्या बाईंनी विचारलं. आम्ही हो म्हणालो. धोक्यातली वाडी वेळेत रिकामी झाली. आता आमच्या इर्जिकीत अकरा गावं आहेत. आत्या म्हणते, एक दिवस सगळ्या जिल्ह्याचे रिकामे संगणक एका हाकेवर उठतील आणि पाऊस कोणत्या शिवारात किती पडणार हे आपलं आपणच काढू. तात्या म्हणतात, मग जेवण कुठे घालायचं ते आधी ठरवा.

काल दुपारी मी अभ्यासाला बसले तर माझा संगणक कोमट लागला. मी तर काही करत नव्हते. मागे वाकून पाहिलं तर ठमाबाईची आठही पिल्लं त्याच्या पाठीशी दाटीवाटीने झोपली होती. कुणाच्या तरी गावात काहीतरी अडलं होतं आणि माझी बैलं त्या रानात गेली होती. मी पुस्तक घेतलं आणि संगणक तसाच सोडून ओसरीवर जाऊन बसले.